मियाटाच्या ओव्हरफ्लो बाटलीची जागा बदलली: कामाच्या नोंदी

गाडी १९९१ची माझदा एमएक्स-५ मियाटा, १५९७ सीसी, पाच गिअर, लाल. मुक्काम मध्य न्यू जर्सी, एका गाडीचं गॅरेज आणि पुढचा ड्राइव्हवे. नोंदी त्या त्या दिवशी रात्री लिहिल्या आहेत, फक्त शुद्धलेखन नंतर तपासलं.

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

सकाळी गार गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढलं तर पाणी गळ्याच्या दोन बोटं खाली. ऑगस्टच्या मध्यापासून ही तिसरी वेळ. दर वेळी कपाने मोजून पाव लिटरच्या आसपास घालतो, आठ-दहा दिवसांनी बघतो तर पुन्हा दोन बोटं कमी. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता, तो कोरडा. आतला गालिचा कोरडा, म्हणजे हीटरही गळत नाही. सायलेन्सरच्या धुराला गोडसर वास नाही. तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल स्वच्छ, कुठे दुधट साय नाही.

पाणी म्हणतोय ते सवयीने. आत निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल आहे. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. इथल्या जानेवारीत नुसतं पाणी ठेवलं तर ब्लॉक फुटायचा.

मनात अर्थातच हेड गॅस्केटची भीती, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील गेल्याची. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. गाडी एकदा सणकून तापली की हेड वाकतं, आणि मग काम हजारो डॉलरवर जातं. ही गाडी मी सहा वर्षांपूर्वी घेतली. त्याआधी कित्येक वर्षं फक्त मनात होती. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा मी पुण्यात शाळेत होतो आणि मोटारींच्या एका जुन्या अंकात तिचा फोटो बघितला होता, उघडझाप करणारे पुढचे दिवे आणि दोनच माणसांची जागा. ११६ अश्वशक्ती म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही, पण गाडीचं वजन हजार किलोच्या आत आहे आणि वळणावर ती हातातल्या भाकरीसारखी फिरते. तिचं हेड माझ्या हलगर्जीपणाने वाकावं हे मला चालणार नाही.

ओव्हरफ्लोची बाटलीही बघून घेतली. गरम होऊन फुगलेलं जास्तीचं पाणी हिच्यात जातं आणि गार झाल्यावर परत रेडिएटरमध्ये येतं. आधीच्या मालकाने जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि दोन पंख्यांची चौकट बसवली आहे. काम चांगलं केलंय, पण त्या चौकटीने बाटलीची मूळ जागा खाल्ली. मग त्याने बाटली उचलून एक्झॉस्टच्या बाजूला नेली आणि तीन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकली. बाटलीचा एक कान तुटलेला आहे. रंग चहाच्या जुन्या किटलीच्या आतल्या बाजूसारखा, टॉर्च मागे धरल्याशिवाय पातळी दिसत नाही. धरली तर पाणी भरल्याच्या खुणेच्याही वर, झाकणाच्या अगदी जवळ, आणि झाकणाच्या कडेला हिरवट पांढरी पुटं.

रविवार, १५ सप्टेंबर

सुट्या भागांच्या दुकानातून दोन वस्तू अनामत भरून आणल्या: दाबाचा हातपंप आणि गॅस्केट तपासायची नळी.

हातपंप झाकणाच्या जागी बसवला, ०.९ बारपर्यंत दाब भरला आणि वीस मिनिटं गाडीला हात लावला नाही. काटा जागचा हलला नाही. अडॅप्टर लावून झाकणही वेगळं तपासलं. तेही ०.९ ला सुटतं, म्हणजे जिथे सुटायला हवं तिथेच.

मग निळ्या द्रावणाची परीक्षा. गरम इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्या द्रावणातून ओढून घ्यायची. सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. पाच मिनिटं ओढत राहिलो, निळं ते निळंच.

हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला, पाण्याच्या वाटेवर एक रबरी बूच आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये आडवं बसायचं. तिथे पाणी मागच्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात इंजिन उभं बसवलं, पाण्याची वाट पुढून काढली आणि मागचं तोंड बुचाने बंद केलं. जुन्या गाड्यांत ते रबर तडकतं आणि पाणी हळूच गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेच्या आकाराच्या कवचावरून खाली ओघळतं. आरसा आणि टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं वाकडा होऊन पाहिलं. कोरडं आहे, पुटंही नाहीत.

गळ्यापर्यंत भरून गाडी बंद केली. सगळ्या परीक्षा पास आणि तरी पाणी कमी होतंय, हे जास्त अस्वस्थ करणारं आहे.

संध्याकाळी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला याच गाडीने गेलो. जाताना नजर रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त.

शनिवार, २१ सप्टेंबर

ही नोंद आठवडाभराची आहे. सोमवारी सकाळी बाबांना फोन केला होता. इथले आठ म्हणजे पुण्यातले साडेपाच, त्यांच्या चहाची वेळ. बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले, उभं आयुष्य बसच्या इंजिनांखाली गेलं.

मी म्हटलं, "बाबा, गाडी पाणी खातेय. पाव लिटर."

"किती मैलांत?"

"आठ-दहा दिवसांत."

"ते नको सांगू. किती मैलांत, आणि कधी कमी झालं? पहिल्या दिवशी की दहाव्या?"

मला सांगता येईना. मी दर वेळी दहा दिवसांनीच बघत होतो.

"मग रोज सकाळी बघ, एकाच वेळी, गाडी गार असताना. काडी घालून मोज आणि लिहून ठेव. गळती असेल तर रोज थोडी वाढेल. वाढली नाही, तर ती गळती नाही."

कबाबाच्या बांबूच्या काडीवर मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि काडी गळ्याच्या कडेला टेकवून मोजत गेलो. रविवारी काठोकाठ भरलं होतं. सोमवारी सकाळी, म्हणजे आरतीची बावीस मैलांची फेरी झाल्यावर, पाणी ३४ मिमी खाली. मंगळवारी ३४. बुधवारी ३५. गुरुवारी मुद्दाम चाळीस मैल फिरवून आणली, शुक्रवारी ३४. आज ३४.

काल रात्री या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसलो होतो. पाणी एकदाच जातं, पहिल्याच फेरीत, आणि मग अजिबात जात नाही. गळणाऱ्या रबरी पाइपला मैल मोजता येतात, तो चाळीस मैलांत बावीस मैलांपेक्षा जास्त सांडेल. इथे मैलांचा संबंधच नाही.

संबंध गरम-गार होण्याशी आहे. या गाडीत सुमारे सहा लिटर पाणी मावतं. गार असताना दहा-पंधरा अंशांवर असलेलं हे मिश्रण नव्वदीला पोचलं की चार-पाच टक्के फुगतं, म्हणजे पाव लिटरच्या थोडं पुढेमागे. मी दर वेळी घालतोय तेवढंच. फुगलेलं पाणी झाकणातून ओव्हरफ्लोच्या बाटलीत जातंय, तिथपर्यंत सगळं ठीक. रात्री गाडी गार होते तेव्हा ते परत यायला हवं, ते येत नाहीये. त्याच्या जागी हवा आत येतेय. दुसऱ्या दिवशी फुगायला त्या हवेची जागा मोकळीच असते, त्यामुळे फक्त हवा बाहेर जाते आणि रात्री पुन्हा हवाच आत. म्हणून आकडा ३४ वर अडकलाय. आणि मी वरून घातलेला पाव लिटर दर वेळी बाटलीत साठत गेला, म्हणून ती तुडुंब आहे आणि झाकणाशी पुटं धरलीत.

रेडिएटरचा वरचा पाइप सकाळी दाबून पाहिला, गुबगुबीत आहे. झाकणातली आत घेणारी झडप अडकली असती तर आत पोकळी होऊन तो पाइप रात्रीत चपटा झाला असता. म्हणजे झडप उघडतेय आणि आत काहीतरी घेतेय. प्रश्न एवढाच, की ती पाण्याऐवजी हवा कुठून घेते.

रविवार, २२ सप्टेंबर

सापडलं.

बाटलीच्या पट्ट्या कापल्या आणि ती बाहेर काढली. या बाटलीत बाहेरची नळी झाकणाला जोडलेली असते आणि झाकणाच्या आतल्या बाजूने एक छोटी नळी खाली तळापर्यंत जाते. पाणी त्याच वाटेने येतं आणि त्याच वाटेने परत ओढलं जातं. झाकण उघडलं तर खाली काही लोंबत नव्हतं. नुसतं तोंड, आणि तोंडावर एक गोल तडकलेली कड.

पाणी बादलीत ओतलं आणि बाटली हलवली. आत खुळखुळ आवाज. उलटी धरून तार घातली आणि चार इंचांचा नळीचा तुकडा बाहेर आला. वरच्या टोकाला बारीक चीर, रंग कॉफीसारखा, बोटांत धरून जरा वाकवला तर कोरड्या शेंगेसारखा तटकन मोडला. किती वर्षं तो तळाशी पडला होता कोणास ठाऊक. बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं, बाटली त्याच रंगाची.

झाकणाचं तोंड पाण्याच्या अगदी जवळ पण वर. गाडी तापली की पाणी झाकणातून खाली पडतं, त्याला नळी लागत नाही. गार होताना मात्र त्या तोंडाशी हवाच आहे, तीच ओढली जाते. आणि ही हवा निरुपद्रवी नाही. ब्लॉक लोखंडाचा आहे, रोज रात्री ताजी हवा आत घेतली की आतून गंज चढतो. शिवाय या १.६ इंजिनात पंख्याचा स्विच पुढे थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावरच बसलेला आहे. पाणी जास्त उतरलं आणि स्विचभोवती हवा राहिली तर गाडी तापलीय हे त्याला कळतच नाही.

बाबांना लगेच फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "छान. खंबाटकीच्या माथ्यावर ड्रायव्हर झाकणावर ओलं फडकं टाकून उभे असायचे, आम्ही बादलीने पाणी ओतायचो. असल्या बाटल्या तेव्हा कुठे होत्या."

नवी नळी झाकणाला अडकवून काम भागलं असतं. पण बाटलीचंच प्लास्टिक त्या नळीइतकंच जुनं आहे, आणि ती बांधलीय एक्झॉस्टच्या शेजारी. तापमानाची बंदूक रोखून पाहिली, अर्धा तास चालवल्यावर बाटलीची इंजिनकडची बाजू ९१ अंश. जे मोडलं ते उष्णतेने मोडलंय. बाटली नवी घ्यायची आणि जागाही बदलायची.

शनिवार, २८ सप्टेंबर

जागा शोधण्यात दुपार गेली. मला हव्या होत्या चार गोष्टी: एक्झॉस्टपासून लांब, रेडिएटरच्या गळ्याच्या जवळ, बॉनेट उघडल्याबरोबर पातळी दिसावी, आणि बॉडीला नवं भोक पाडायला लागू नये. या शेवटच्या मुद्द्यावर मी हट्टी आहे. या गाडीचा पत्रा अजून निरोगी आहे, न्यू जर्सीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि प्रत्येक नवं भोक म्हणजे गंजाला आमंत्रण.

उंचीची काळजी फारशी करावी लागत नाही. दाब झाकणाच्या अलीकडे असतो, बाटली बिनदाबाची आहे. ती गळ्यापेक्षा फूटभर खाली असली तरी गार होताना तयार होणारी पोकळी पाणी सहज वर ओढते. ज्या गाड्यांत झाकण बाटलीवरच असतं आणि बाटलीत दाब असतो, तिथे ती सगळ्यांत उंच जागी लागते. मापं घेण्याआधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते बघायला हवं. बिनदाबाची स्वस्त बाटली दाबाच्या गाडीला लावली तर ती फुटेल आणि उकळतं पाणी अंगावर येईल.

इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूला, फेंडरच्या आतल्या भिंतीवर दोन रिकामे बोल्ट सापडले, एम६ चे, डोक्याला १० चा पाना. त्यांच्यामध्ये ११ सेंटिमीटर अंतर. पूर्वी तिथे वायरींचा आधार असावा. भिंत आणि इनटेकमध्ये जागा अरुंद, पण चपटी उभी बाटली बसेल. पुठ्ठ्याचं खोकं कापून, चिकटपट्टी लावून बाटलीचा नमुना केला आणि तिथे उभा केला.

बॉनेट लागतं का हे कसं बघायचं? स्वयंपाकघरातून कणकेचा लिंबाएवढा गोळा आणला, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून नमुन्याच्या डोक्यावर ठेवला, बॉनेट हळू खाली आणून दाबलं आणि उघडलं. गोळ्याची पोळी झाली होती, जाडी ६ मिमी. कमी आहे. इंजिन रबरावर हलतं, बॉनेटही वाऱ्याने थोडं दबतं. नमुना दोन सेंटिमीटर कापून खाली केला, नवा गोळा ठेवला, आता २५ मिमी. एवढं पुरे.

इंजिन अर्धा तास चालवून त्या जागेवर बंदूक रोखली. ५२ अंश.

रविवार, २९ सप्टेंबर

बाटली मागवली. ॲल्युमिनियमच्या चकाकणाऱ्या टाक्या मिळतात, बॉनेट उघडलं की छान दिसतात. मी घेतली नाही. पातळी दिसत नाही म्हणून तर एवढं रामायण झालं, पुन्हा आंधळी टाकी कशाला लावायची. पांढऱ्या, अर्धपारदर्शक पॉलिथिनची एक लिटरची चपटी बाटली घेतली, अंगावर १०० मिलिच्या खुणा आहेत. नळीचं तोंड तळाला आहे, म्हणजे आत निखळून पडायला काही नाहीच. तोटा एक: नळी निसटली तर बाटली पूर्ण रिकामी होईल. त्यासाठी स्प्रिंगची क्लिप लावणार. पेचाची क्लिप मऊ तोंडाला चावते.

जुनी नळी खिशात घालून दुकानात गेलो आणि त्याच मापाची, आत धाग्याचं विणकाम असलेली घेतली. साधी पारदर्शक नळी स्वस्त असते, पण गरम झाली की मऊ पडते आणि ओढ लागली की आतून चिकटते. मग पुन्हा तेच दुखणं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आधार बनवायचा दिवस, आणि पहिला आधार वाया गेला.

घरी ३ मिमीची ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची पट्टी होती. आखली, करवतीने कापली, वाइसमध्ये धरून लाकडी हातोड्याने काटकोनात वाकवली. साठ अंशांपर्यंत छान आली आणि मग वळणाच्या बाहेरच्या बाजूने बारीक आवाज झाला. भिंगातून पाहिलं तर वळणभर केसाएवढी चीर. हा मिश्रधातू ताकदीला उत्तम, पण टी६ अवस्थेत तीक्ष्ण वळण सहन करत नाही. मला माहीत होतं, तरी हाताशी होतं तेच वापरलं. चिरलेला तुकडा रंगवून लावला असता तर दोन महिने टिकला असता आणि मग एखाद्या खड्ड्यात बाटली पंख्यांवर गेली असती.

दुपारी ५०५२ चा पत्रा आणला. तोही ३ मिमी. वाइसच्या जबड्यावर एका गोल सळीचा आधार देऊन वळणाला थोडी गोलाई ठेवली. सुरकुती नाही, चीर नाही. भोकं पाडली, कडा कानशीने मारल्या. बाटलीचं प्लास्टिक जिथे धातूला टेकतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. वरून एक रुंद पट्टा, तळाला छोटी खुर्ची. पट्ट्यावर भार नको, तो खुर्चीवर हवा, कारण भरलेली बाटली किलोभर होते आणि आपटे बसले की तिचं वजन जिथे टांगलंय तिथेच कान तुटतात. जुन्या बाटलीचा कान तसाच गेला असणार.

रविवार, ६ ऑक्टोबर

आतलं मिश्रण किती जुनं आहे याचा पत्ता नव्हता, म्हणून तेही बदलायचं ठरवलं. रेडिएटरच्या खालचा बोल्ट सोडून ३.६ लिटर निघालं. बाकीचं ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. हिरवं होतं, पण टिपकागदावर तपकिरी कण उतरले. तो गंज.

ट्रे क्षणभरही उघडा ठेवला नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. शेजाऱ्यांची मांजर दिवसातून दोनदा आमच्या गॅरेजमधून फेरी मारून जाते. ओतलेलं सगळं बरण्यांत भरून झाकणं घट्ट लावली, टाउनशिपच्या घातक कचऱ्याच्या दिवशी देणार. जमिनीवरचे थेंब साबणाच्या पाण्याने धुतले.

बाटली बसवली. नळी आता ६० सेंटिमीटर, आधी मीटरभर होती. फेंडरच्या कडेने नेली, दोन जागी क्लिपा. पंख्याच्या पात्यापासून चार बोटं लांब.

पुढची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे रेडिएटरचा गळा सगळ्यांत उंच. हीटर पूर्ण गरमवर. जपानी गाड्यांचं फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं तयार मिश्रण हळूहळू ओतलं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले, वरचा पाइप गारच. मग एकदम वरचा पाइप हाताला चटका देण्याइतका गरम झाला, पातळी गटकन खाली गेली, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. भरत गेलो. अधूनमधून वरचा आणि खालचा पाइप हाताने दाबत होतो, प्रत्येक दाबाला गळ्यातून एक मोठा बुडबुडा. पंखे दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबलो, बुडबुडे थांबले.

एक गोष्ट करायची जवळजवळ राहिलीच होती. नळीत हवा ठेवून झाकण लावलं तर पहिल्या रात्री तीच हवा आत ओढली जाणार. नळी रेडिएटरच्या टोकाकडून सोडली, बाटली थोडी वर उचलली, नळीतून पाणी येईपर्यंत थांबलो आणि तशीच भरलेली जोडली. मग झाकण. बाटलीत ४०० मिलिवर पेन्सिलने बारीक रेघ मारली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

तीन सकाळी मोजलं. ३४ वरून ९ मिमीवर आलं. खूपच बरं, पण ९ का? शून्य हवं. बाटलीतली गार पातळीही रेघेच्या थोडी वर. अजूनही कुठून तरी हवा जातेय, फक्त कमी.

नळी, क्लिपा, बाटलीचं तोंड, सगळं पुन्हा पाहिलं. शेवटी झाकण हातात घेतलं. त्याला दोन रबरी चकत्या असतात. खालची चकती स्प्रिंगच्या टोकाला, ती दाब धरते. मी १५ सप्टेंबरला जी तपासली ती हीच. वरची चकती झाकणाच्या पत्र्याला आतून लागून असते, ती गळ्याच्या अगदी वरच्या कडेवर बसते. तिचं काम दाब धरणं नाहीच. बाटलीकडून येणाऱ्या वाटेला बाहेरची हवा लागू नये एवढंच तिचं काम. माझ्या झाकणाची वरची चकती नखाने दाबली तर दबत नाही, प्लास्टिकसारखी टणक, एका जागी कड उडालेली. हातपंपाच्या परीक्षेत ती कधीच येत नाही, कारण पंप खालच्या बैठकीवर बसतो. झाकण "पास" झालं होतं ते निम्मंच झाकण.

या वरच्या चकतीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. सगळे स्प्रिंगवरचा ०.९ चा आकडा बघतात. जुन्या धाटणीच्या काही झाकणांना ती नसतेच, कारण त्या गाड्यांत जास्तीचं पाणी रस्त्यावरच पडायचं. तसलं झाकण बाटलीच्या गाडीला लावलं तर दाब बरोबर धरेल, पंखे बरोबर चालतील, आणि रोज रात्री ते हवा पिईल.

संध्याकाळी नवं झाकण आणलं. दुकानातच उलटं करून दोन्ही चकत्या बोटाने दाबून पाहिल्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

गुरुवारी सकाळी शून्य. शुक्रवारी शून्य. आज सकाळी झाकण उघडलं तेव्हा पाणी गळ्याच्या काठाशी इतकं टेकलेलं होतं की दोन थेंब बाहेर आले.

सकाळी गॅरेजच्या बाकावर पान्यांचा संच, पक्कड, कानस, वाइस सगळं पुसून मांडलं, हळदकुंकू लावलं. इथे झेंडूची फुलं या दिवसांत सहज मिळतात, मुलीने माळ करून रेडिएटरच्या तोंडावर बांधली. मी ती फोटो काढून झाल्यावर सोडून बॉनेटवर ठेवली, हवेची वाट अडवायला नको. आपट्याची पानं मात्र नाहीत. बाबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी गाडीपेक्षा बाटली जास्त वेळ बघितली. "जवळ धर, अजून जवळ. आता क्लिप दाखव." मग म्हणाले, "पट्टा एक आटा सैल कर, प्लास्टिकला फुगायला जागा ठेव." केला.

रविवार, १३ ऑक्टोबर

चाचणीची खरी फेरी. रूट ८० धरून डेलावेअर वॉटर गॅप, मग नदीकाठच्या ओल्ड माइन रोडने वर. झाडं पिवळी-तांबडी झालीत, छत उघडं. बरेच दिवस इथे पाऊस नाही, रस्ता आणि पानं दोन्ही कोरडी. परतीला तासभर वाहतुकीत अडकलो, एरवी याच वेळी पोटात गोळा यायचा. पंखे लागत होते आणि बंद होत होते, काटा हलला नाही.

घरी पोचल्याबरोबर बॉनेट उघडलं. गरम पातळी ६४० मिलि. गार ४०० होती. म्हणजे २४०, मी दर वेळी कपाने घालत होतो जवळजवळ तेवढंच, फक्त आता ते कुठे जातंय ते दिसतंय. रात्री दहा वाजता टॉर्च घेऊन पुन्हा गेलो. ५१० वर आलं होतं. इंजिन टिकटिक करत गार होत होतं.

शनिवार, २ नोव्हेंबर, पाडवा

पहाटे काचेवर पहिलं दव गोठलं होतं. मिश्रणाची घनता तपासली, उणे ३६ अंशांपर्यंत चालेल. बाटलीची पातळी पेन्सिलच्या रेघेवर, गार झाल्यामुळे किंचित खाली. रेडिएटरचा गळा भरलेला. आधाराच्या वळणावर भिंग फिरवलं, चीर नाही, रंगही शाबूत. बोल्टांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या, त्या जुळलेल्या, म्हणजे सैल पडलेले नाहीत.

मोडलेल्या नळीचा तुकडा एका छोट्या पिशवीत घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवला. हिवाळ्यात गाडी उभी राहील तेव्हा मागचं रबरी बूच बदलायचं आहे, ते अजून गळत नसलं तरी वय तेच आहे. बूच मागवलं.